अकरा राखणदार आणि बारावा

खरी कलाकृती कोणती आणि थोतांड कोणतं, हे राजरत्न सरांना तीन सेकंदांत कळतं. असं ते स्वतःच सांगतात, आणि गेली बावीस वर्षं सांगत आले आहेत. खोडदच्या शाळेत चित्रकला शिकवणारा हा माणूस दर दिवाळीत आणि दर मे महिन्यात पिशवी उचलतो आणि कुठल्या ना कुठल्या शहरात प्रदर्शन बघायला निघतो. मुंबई तर झालीच, पण बडोदा, भोपाळ, दिल्ली, कोची, एवढंच काय, दोन दिवस रेल्वेत बसून गुवाहाटीसुद्धा झाली. तिथे एका भल्यामोठ्या हॉलमध्ये नुसती ओली माती पसरून ठेवली होती. सर ती दीड तास बघत उभे राहिले. कळंबला घरी परतल्यावर बायकोने, म्हणजे रत्नाताईंनी, विचारलं, "काय बघितलं?"

"माती," सर म्हणाले.

"मग आपल्या अंगणात काय सोनं पसरलंय?" रत्नाताई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

प्रत्येक सहलीनंतर सर व्हॉट्सॲपवर लिहितात. गटाचं नाव 'पाहण्याजोगी प्रदर्शने'. त्यात दोनशे चौदा माणसं आहेत, पैकी दोनशेंनी गट मुका करून ठेवलाय. सरांनी नाशिकच्या प्रदर्शनावर चार परिच्छेद लिहिले की खाली कोणीतरी विचारतं, नाशिकला कांदा काय म्हणतोय? सर चिडत नाहीत. नेटाने पुढचं शहर लिहायला घेतात.

पण या सगळ्या उत्साहाखाली एक दुखरी जागा होती. बावीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांची नावं पांढऱ्या भिंतींवर वाचली. स्वतःचं नाव मात्र शाळेच्या फळ्याखेरीज कुठेही लागलं नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. एकदा, फक्त एकदा, कुठल्यातरी शहरात, कलाकृतीशेजारच्या छोट्या पाटीवर 'राजरत्न रोकडे' एवढी अक्षरं दिसावीत, यापलीकडे त्यांचं देवाकडे काही मागणं नव्हतं. देवावर विश्वास नसल्यामुळे ते मागणं कोणाकडे करायचं हाही प्रश्नच होता.

आणि ती संधी आली बिबट्यामुळे.

बिबट्या आमच्याकडे आता शेजाऱ्यासारखा झालाय. उसात जन्मतो, उसात वाढतो, कुत्री खातो. वनखात्याची माणसं गावोगाव येऊन सांगून गेली आहेत: एकट्याने वावरात जाऊ नका, मोबाइलवर मोठ्याने काहीतरी वाजवत चला, आणि समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, आहात तिथे ताठ आणि गप्प उभे राहा. हे आता लहान पोरांनाही पाठ आहे. त्यात कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. बंगालच्या जंगलात म्हणे लोक डोक्यामागे माणसाचा मुखवटा बांधतात, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो आणि मागेही तोंड दिसलं की बिचकतो. सरांनी ते मनावर घेतलं. वावरात खुरपायला जाणाऱ्या बायकांच्या तोंडाचे प्लास्टरमध्ये साचे घेतले आणि त्यात कागदाचा लगदा भरून जिचा तिला मुखवटा करून दिला. त्यामुळे खोडदला आता शकुबाई समोरूनही शकुबाई आणि मागूनही शकुबाई. तिच्या मागोमाग बांधावरून चालायचं म्हणजे धीर लागतो. ती पुढे चालत असते आणि सबंध वेळ, पापणी न लववता, आपल्याकडे बघत असते.

त्यातूनच सरांना कल्पना सुचली. गावातल्या अकरा माणसांचे अकरा पुतळे. आत बांबू, त्यावर उसाचं पाचट, अंगात त्या त्या माणसाचे जुने कपडे, आणि तोंड दोन्ही बाजूंनी. पाठ कोणालाच नाही. नाव दिलं 'राखणदार'. सोमनाथ हा सरांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीला आलेला. त्याच्या उसाला लागून कांद्याच्या रोपाची पट्टी नुकतीच रिकामी झाली होती. तिथे हे अकरा जण एका रांगेत, पाय जमिनीत रोवून उभे राहिले. सरांनी फोटो काढून पुण्याला पाठवले. पुण्याची एक संस्था फिरतं प्रदर्शन काढणार होती, पुणे, नाशिक, नागपूर आणि शेवटी कोची. तिकडून चक्क उत्तर आलं. क्युरेटर प्राची मॅडम येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता स्वतः बघायला येतील.

"क्युरेटर म्हंजी?" शकुबाईने विचारलं. ती सोमनाथची चुलती.

"प्रदर्शनात काय ठेवायचं आणि काय नाही, ते ठरवणारी बाई."

"म्हंजी माज्या नणंदंसारकी," शकुबाई म्हणाली.

सरांनी सगळ्यांना एकच ताकीद दिली. शनिवारपर्यंत पुतळ्यांना कोणीही हात लावायचा नाही. गावाने माना डोलावल्या. मागे मुखवटे होते, तेही डोलले.

आणि मग ते सुरू झालं.

सोमवारी सकाळी सर शाळेत जाण्याआधी पट्टीवर डोकावले तर हनुमंतच्या पुतळ्याच्या पायांना ओला चिखल. पट्टी तर ठणठणीत कोरडी. हनुमंत म्हणजे खालच्या वावरातला, जाडजूड, पुतळ्यालाही दोन माणसांचं पाचट लागलं होतं. सरांनी चिखल पुसला. मंगळवारी चौघांच्या पायांना चिखल. बुधवारी सरांनी टेप आणून पुतळ्यांमधली अंतरं मोजली आणि प्रत्येकाच्या पायाशी खडूची भुकटी टाकून खूण केली. गुरुवारी एकही जण आपल्या खुणेवर नव्हता. वीतभर इकडे, वीतभर तिकडे, जणू लांबून चालून आले होते आणि घाईघाईने रांगेत घुसले होते. गजराबाईच्या पुतळ्याचा पदर सरांनी खांद्यावर लावला होता, तो डोक्यावर आला होता, नीट, कानामागून घेतलेला.

सर 'भूत नसतं' या विषयावर शाळेत दरवर्षी व्याख्यान देतात. टाळ्याही पडतात. पण त्या सकाळी पट्टीवर ते एकटे होते, वारा नव्हता, आणि अकरा जणांची बावीस तोंडं होती. सरांच्या मानेवरचे केस उभे राहिले. ते आपल्याला थंडी वाजली असं समजून मफलर घ्यायला मोटारसायकलकडे गेले आणि चावी लावून थेट शाळेतच पोहोचले.

मधल्या सुट्टीत त्यांनी सोमनाथला गाठलं. "सोमनाथ, आपल्या पट्टीवर अंधार पडल्यावर कोणी येतं का रे?"

"न्हाई बा सर. कोण येनार? बिबट्याच्या भ्यानं लोक घराबाहीर पडंनात." असं म्हणताना सोमनाथ सरांकडे न बघता आपल्या चपलांकडे बघत होता. चपलांना चिखल होता, पण तो शेतकऱ्याच्या चपलांना असतोच.

घरी त्यांनी रत्नाताईंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. "तुम्हीच म्हणता ना, कलाकृती जिवंत पाहिजे?"

"अगं, तसं नव्हे."

"मग कशी जिवंत? अर्धी?"

शुक्रवारी सर पट्टीवर गेलेच नाहीत.

शनिवार उजाडला. मॅडमची गाडी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. तीनाचे चार झाले, चाराचे पाच. वावरात रेंज येते आणि जाते, त्यामुळे "अजून अर्धा तास" हे एकच वाक्य सरांनी सहा वेळा ऐकलं. अकरा पुतळे जागच्या जागी उभे होते, हे त्यांनी लांबूनच बघून घेतलं. शेवटी मॅडमचा रस्ता चुकू नये म्हणून पाच वाजता मोटारसायकल काढून ते नारायणगावच्या फाट्यावर जाऊन थांबले. इथेच घात झाला, पण तो कसा झाला हे त्यांना कळायला पुढे जवळजवळ दोन तास जावे लागले.

गाडी आली तेव्हा सव्वासहा झाले होते. प्राची मॅडम उतरल्या त्या चाळिशीच्या, अगदी साध्या, पायांत बूट, हातात वही. बोलणं गोड आणि कमी. वहीवाल्या माणसांना ते बावीस वर्षं लांबून बघत आले होते. पहिल्यांदाच त्यातलं एक त्यांच्याकडे आलं होतं.

दोघं पट्टीवर पोहोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. पश्चिमेला तांबडी रेघ होती आणि तिच्यापुढे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. ऊस काळा झाला होता. आणि पट्टी रिकामी होती.

पुतळा एकही नव्हता. जमिनीत अकरा भोकं होती. प्रत्येक भोकापासून पावलांची एकेक ओळ निघत होती आणि भुसभुशीत मातीतून चालत उसाच्या कडेला जाऊन दिसेनाशी होत होती.

मॅडम पट्टीभोवती एक फेरी मारून आल्या. मग हळूच म्हणाल्या, "ब्रिलियंट."

सर वाकून भोकं मोजत होते.

"फोटोत माणसं होती. आता फक्त ती उभी असल्याच्या जागा. गावं ओस पडतायत, त्याबद्दल आहे ना हे?" मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "आणि ही पावलं. ही आयडिया तुमचीच?"

"नाही," सर म्हणाले.

"मग कोणाची?"

सरांनी उसाकडे बघितलं. "त्यांची," ते म्हणाले.

नुसतं 'होय' म्हटलं असतं तर पाटी तिथेच पक्की झाली असती. हे सरांना कळत होतं. पण तळव्यांना घाम सुटलेला माणूस वाटाघाटी करू शकत नाही. त्यांना फक्त आपले पुतळे कुठे गेले हे हवं होतं, आणि ते स्वतःच्या पायांनी गेले नाहीत, असं कोणीतरी सांगायला हवं होतं.

दोघं मोबाइलचे दिवे लावून पावलांच्या मागे निघाले. मॅडम पुढे, कारण सर वारंवार बुटाची नाडी बांधायला थांबत होते. त्यांनी चपला घातल्या होत्या, पण हे अंधारात कोणाच्या लक्षात आलं नाही. उसाची कड संपली आणि खालच्या वावरात, मोटारीच्या खोक्याशेजारी, एक जाडजूड माणूस त्यांच्याकडे तोंड करून उभा दिसला. सरांनी दिवा धरला. हनुमंतचा पुतळा. पायांना ताजा चिखल.

"चालत गेलाय असं वाटतं," मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

"हो ना," सर म्हणाले आणि त्यांच्या जरा जवळ सरकले.

शंभर पावलांवर आणखी एक. लुगडं, कमरेला खोचलेलं खुरपं, दोन्ही हात सरळ खाली. शकुबाई. मॅडमनी दिवा वर धरला आणि थक्क झाल्या. "अहो, हिचं तर कामच वेगळं आहे. त्वचेचं टेक्श्चर बघा. या सुरकुत्या कशाने केल्यात?" त्यांनी हात पुढे करून तिच्या गालावरून अंगठा फिरवला. मग चिमटीत धरून गाल जरासा ओढला. "आणि मऊ कसं राहिलंय हे?"

"बाई, हात लई गार हायेत तुमचे," पुतळा म्हणाला.

मॅडमची वही एकीकडे गेली आणि मोबाइल दुसरीकडे. त्या ओरडल्या नाहीत, पण त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री गप्प झाली. सर केव्हाच हनुमंतच्या पुतळ्यामागे जाऊन पोहोचले होते.

ती खरीच शकुबाई होती. उसाच्या कडेने दोन दिवे खालून खालून येताना तिने बघितले आणि तिला वाटलं, डोळेच. पळायचं नाही, वाकायचं नाही, ताठ आणि गप्प उभं राहायचं. शिकवल्याप्रमाणे ती डोळे मिटून उभी राहिली होती. कोणीतरी गाल चोळतंय म्हटल्यावर तिला वाटलं, चाटतोय.

"अगं, पण बाकीचे पुतळे कुठे आहेत?" सर पुतळ्यामागूनच ओरडले.

शकुबाईने पदराने गाल पुसला. "रागावू नका सर. बिबट्यानं सोमनाथचं वासरू नेलं ना, तवापासून मानसं भेल्यात. ह्या आठवड्यात मोटारीची लाइट सांच्याला सहाला येती. पानी धरायला मानूस एकला जातो. मंग आमी काय करतो, तुमी पाचला कळंबला गेलात की ज्याचा त्यो आपला पुतळा वावरात नेतो. दुसरा मानूस सोबतीला हाय असं वाटतं बिबट्याला. आमालाबी वाटतं. सकाळच्याला तुमी यायच्या आत परत लावतो. आज तुमी पाचला गाडी काडून गेलात. आमाला वाटलं, बाई काय आली न्हाई, सर गेले घरी."

सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्या जागी राग आला. आठवडाभर ज्याने झोप उडवली ते भूत म्हणजे सोमनाथ, शकुबाई आणि हनुमंत. "मी सांगितलं होतं, हात लावू नका!"

"हात न्हाई लावला. खांद्यावर घातला."

मॅडम मात्र वही आणि मोबाइल शोधून भराभर लिहीत होत्या. शकुबाईने बोटांवर मोजत हिशेब दिला. एक हनुमंतचा, एक सोमनाथच्या गोठ्यापाशी, तिचा स्वतःचा ओढ्याकडे, असे दहा झाले. अकरावा गजराबाईचा, विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात.

"चल, दाखव," सर म्हणाले.

"तिकडं मी न्हाई यायची."

"का?"

शकुबाईने आवाज खाली आणला. "तिकडं दोघं असत्यात."

ती वळली आणि बांधावरून निघाली. जाताना तिचा मुखवटा सरांकडे बघत राहिला.

गजराबाई ही भिमा कोकरेची बायको. सगळ्या गावाने मेंढरं विकून कांदा लावला तरी भिमाने शेवटपर्यंत पंधरा-वीस मेंढरं ठेवली होती. गेल्या श्रावणात तो वारला. सर मातीला गेले होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मेंढरं मग विकली गेली, आणि विहिरीपलीकडचा अर्धा एकर गजराबाई एकटी बघत होती.

विहीर ओलांडली तेव्हा आभाळात जेमतेम उजेड होता. कोपऱ्यात गजराबाईचा पुतळा दिसला, डोक्यावर पदर घेतलेला. अकरा पुरे झाले. मग त्यांची नजर पुतळ्याच्या शेजारी गेली.

तिथे भिमा उभा होता.

खांद्यावर घोंगडी. डोक्याला पटका. काठी काखेत धरून सगळा भार तिच्यावर टाकलेला, आणि एक पाय दुसऱ्या पायावर आडवा. तीस वर्षं खोडदच्या माळावर जसा उभा राहायचा तसाच, जसा सरांनी शाळेच्या खिडकीतून हजारदा बघितला होता. तेवढ्यात लांबवर कसलीशी घरघर झाली आणि त्या अजस्र तबकड्या, सगळ्या एकदम, सावकाश, कोणी हाक मारावी तशा, एकीकडे वळायला लागल्या. त्या रोजच वळतात. पण सर रोज त्या वेळी कळंबला चहा पीत असतात.

आणि भिमा बोलला.

"हिर्र… हिर्र… यं, यं, यं…"

तोच आवाज. जरा घोगरा, शेवटी वर जाणारा, मेंढरांना परत बोलावणारा. सर एक पाऊल मागे सरले. मागे पाट होता आणि पाटाला पाणी होतं. 'भूत नसतं' या विषयाचे व्याख्याते पाटात बसले, कमरेपर्यंत.

"अरे वा, साउंडही आहे?" मॅडम म्हणाल्या. शकुबाईने त्यांची सगळी भीती एकदमच संपवून टाकली होती.

वाफ्याच्या पलीकडून हातात फावडं घेऊन खरी गजराबाई आली. "सर, पान्यात कशापायी बसला?"

सरांनी नुसतं बोट दाखवलं.

"ते होय? ते आमचं मालक," गजराबाई म्हणाली, आणि पुतळ्याच्या बंडीत हात घालून तिने मोबाइल बाहेर काढला. आवाज थांबला. "जावयानं काडलं व्हतं हे मोबाइलात, मेंढरं विकायच्या आदी. वनखात्यावाले म्हनत्यात ना, कायतरी वाजवा म्हून. मंग म्हनलं, दुसऱ्याची गानी कशाला वाजवू."

"पण हा… हा कोणी केला?"

"मीच की. रागावू नका सर. तुमी माजा केलात, लई छान केलात. पर मला एकलीलाच उभी केलीत वो. मी काय कदी वावरात एकली उभी ऱ्हायले व्हते? मंग म्हनलं, सोंग झालं म्हून काय झालं, तिलाबी एकलं वाटंल. म्हून ह्यांना आनलं. आन् शेजारी आनलं म्हनल्यावर डोईवर पदर नको का?"

पाटाचं पाणी सरांच्या कमरेभोवतीनं वाहत होतं. मॅडमनी दिवा जवळ नेला. पटक्याखाली तोंडच नव्हतं. काळ्या लोकरीचा एक बोळा होता, बस्स. नाक नाही, डोळे नाहीत. बाकी सगळं त्या पायात होतं, आणि काठीवर टाकलेल्या त्या भारात.

"हे मला हवं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "ही जोडी, या आवाजासकट. बाकीचे नकोत. बाकीचे उत्तम आहेत, पण हे… रोकडे सर, तुम्ही मघापासून मला हे का दाखवलं नाहीत? हे तुमचं सगळ्यात मोठं काम आहे."

पुणे, नाशिक, नागपूर, कोची. चार शहरं, चार पांढऱ्या भिंती, चार पाट्या. गजराबाईला यातलं काही कळत नव्हतं. उलट ती म्हणाली, "सरांनीच शिकिवलं सगळं. पाचट भरायचं, बांबू बांधायचा." तिने आपण होऊन सगळं सरांच्या पदरात टाकलं होतं. त्यांनी फक्त मान हलवायची होती.

सरांनी भिमाकडे बघितलं. त्यांनी अकरा माणसांची नाकं, कान, सुरकुत्या, तीळसुद्धा साच्यातून काढले होते आणि त्यांची माणसं खांबासारखी उभी होती. या बाईने तोंडाऐवजी लोकर ठेवली आणि अंधारात वीस पावलांवरून त्यांनी माणूस ओळखला होता. इतका ओळखला की पाटात बसले. फार वाईट वाटलं त्यांना. इतकं वाईट त्यांना आयुष्यात थोड्याच वेळा वाटलं असेल.

"हे माझं नाही," ते पाटातूनच म्हणाले. "हिचं आहे. माझा फक्त तो शेजारचा मुखवटा."

मॅडमनी वहीतली एक ओळ खोडली आणि गजराबाईकडे वळल्या. चार शहरं, सहा महिने, जाणं-येणं सगळं संस्थेचं, वस्तू सुखरूप परत. गजराबाईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"जाऊ द्या की," ती म्हणाली. "माजी काय ना न्हाई. त्यांना फिरायची हौस व्हती. पर सहा म्हैने हितं कोन उभं ऱ्हाईल?"

मॅडमनी सरांकडे बघितलं. गजराबाईनेही बघितलं.

"मी दुसरा करून देतो," सर पाटातून उठत म्हणाले.

आणि दिलाही. आठ दिवस खपून, भिमाचे फोटो मिळवून, नाक, मिशी, भुवया, सगळं जिथल्या तिथे. नवा भिमा मंगळवारी उभा राहिला. बुधवारी सकाळी त्याच्या पायाशी बिबट्या आरामात बसून गेल्याची खूण सापडली. घोंगडीला केस चिकटले होते. टेकून बसला असावा. गजराबाईने खाली मान घालून तो पुतळा उचलला आणि गोठ्यात आडवा ठेवला. त्यानंतर सरांपुढे एकच मार्ग उरला.

पुण्याला उद्घाटन झालं त्या दिवशी गजराबाई नवं लुगडं नेसून रत्नाताईंबरोबर जीपने गेली. तिचं पाणी धरायला सोमनाथ आला. सर जाऊ शकले नाहीत, कारण लाइट सहालाच यायची होती. ते विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात, अंगात बंडी, खांद्यावर नव्या भिमाची घोंगडी, डोक्याला पटका, हातात काठी आणि मागे स्वतःचाच मुखवटा बांधून उभे होते. पलीकडे ऊस काळा होत होता आणि त्यात काहीतरी एकदा सळसळलं होतं. नंतर ते सळसळलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. साडेसहाला फोन वाजला. योगायोगाने रेंज होती.

"लागलंय हो," रत्नाताई म्हणाल्या. "पाटी वाचते. गजराबाई भिमा कोकरे, खोडद."

"आणि खाली?" सरांनी ओठ न हलवता विचारलं.

"खाली आहे. शेजारच्या आकृतीचा मुखवटा, राजरत्न रोकडे."

"अक्षर केवढं आहे?"

"वाकलं तर वाचता येतं."

"वाकतंय का कोणी?"

"सगळे भिमाआण्णांपुढे उभेत हो. गजराबाई म्हणते, एवढ्या लोकांत ह्यांना लाज वाटत असेल. मी वाकले होते. दोनदा." मग रत्नाताई म्हणाल्या, "सांभाळून या घरी."

सरांनी फोन बंडीत ठेवला. भिंतीवर नाव लागलं होतं, पुण्यात, पांढऱ्या भिंतीवर, आणि ते बघायला बायको वाकली होती. ते तसेच उभे राहिले. बांधावरून शकुबाई येत होती, मोबाइलवर कसलीशी मालिका मोठ्याने वाजवत. सरांपाशी येऊन ती थांबली, मालिका बंद केली आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सर, त्यो पाय. दुसऱ्या पायावर आडवा घ्या. आन् भार काठीवर टाका जरा. भिमाआण्णा काय परेडला उभा ऱ्हायचा का?"

सरांनी पाय आडवा घेतला. काठी काखेत धरली. भार टाकला. एक खांदा खाली सोडला.

"आता?"

शकुबाई दहा पावलं मागे गेली, मान कलती करून तिने बघितलं, मग आणखी दहा पावलं मागे गेली.

"जरा बरं हाय," ती अंधारातून म्हणाली. "पर लांबून."